व्यसनी कामगार आणि कारखानदाराचे कर्तव्य

दारूच्या आहारी गेलेला कामगार सापडला की त्याला फाटकाबाहेर काढावे आणि त्याच्या जागी दुसरा गरजू उभा करावा, हा न्याय आपल्याकडे फार जुना आहे. त्याची झळ मात्र गावाकडे बसते. कोरडवाहू रानात पिकले नाही तरी ज्या पगारावर चूल पेटत होती, तो पगारच बुडतो.

जोतीरावांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. दुकान वाढविणारा सुटतो व पिणारा तेवढा गुन्हेगार ठरतो, हे आम्हांस आजही मान्य नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९५ साली ठरविलेल्या आचारसंहितेत व्यसन हा इतर आजारांसारखाच आजार मानावा, उपचार घेऊ इच्छिणाऱ्याची नोकरी व बढती त्यापायी जाऊ नये आणि त्याची माहिती गुप्त राहावी, असे सांगितले आहे. शिस्तीचा हक्क मालकाकडे राहतोच. जेथे कामाची रीतच व्यसनाला खतपाणी घालते, तेथे ती रीत सुधारावी, असेही तीत आहे. रात्रपाळ्यांवर रात्रपाळ्या लावणाऱ्या शेटजींनी हे कलम अवश्य वाचावे!

हे लाड कशाला, असे कोणी विचारील. हकालपट्टीच्या भयाने माणूस व्यसन लपवितो, आणि ते उघडे पडते ते हात यंत्रात गेल्यावर. त्या वेळी कायदाही पाठ फिरवितो. नशेमुळे अपघात झाला तर मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व याखेरीज मालक भरपाई देणे लागत नाही, असे कायद्यानेच ठरविले.

उपचाराची सोय नाही, असेही नाही. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाचे काम सर्वांना ठाऊक आहे. पण महिनाभर बिनपगारी कोण राहील? कायम कामगाराला निदान रजा मागता येते. ठेकेदाराच्या माणसाला व उचल घेतलेल्या ऊसतोड्याला ती कोणाकडे मागावी हेच कळत नाही. मुकादमाला कळले की त्याचे नावच कटते.

म्हणून आमच्या कामगार बंधूंनी पुढच्या करारात बोनसाच्या जोडीला हेही मागावे: उपचाराच्या काळात पगार, ठेक्यावरच्या माणसालाही तोच हक्क, मुकादमाच्या हाती न जाणारी नोंद, आणि समुपदेशकाने घरच्या बाईचे म्हणणे आधी ऐकून घेणे. कारण पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहत दारात उभी असते, ती तीच.