हरकती मागवल्या, पण कोणत्या भाषेत?

‘मसुदा संकेतस्थळावर उपलब्ध आहे, हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत ईमेलने पाठवाव्यात.’ हे वाक्य आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार नव्या कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. त्याच वर्षी जुलैत ‘मायगव्ह’ पोर्टल सुरू झालं. सोय झाली हे खरं. पूर्वी राजपत्र कुठे मिळतं हेच माहीत नसायचं. पण संकेतस्थळावर टाकलं म्हणजे लोकांना विचारलं, असं धरून चालण्याची सरकारी खात्यांना सवय लागली आणि तिचा फटका राज्यांच्या सीमेवरच्या माणसाला आधी बसतो.

2020 चा पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा (ईआयए) मसुदा आठवा. खाण, धरण, महामार्ग, कारखाना यांना मंजुरी कशी मिळणार, हे ठरवणारा हा दस्तऐवज. जनसुनावणीच्या सूचनेची मुदत 30 दिवसांवरून 20 वर आणायची, परवानगीविना सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून मंजुरीची वाट ठेवायची, अशा तरतुदी त्यात होत्या. सत्तरी किंवा खानापूरच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगायला पर्यावरणतज्ज्ञ लागत नाही. मसुदा आला मार्चमध्ये, लॉकडाऊनच्या तोंडावर, आणि तोही हिंदी आणि इंग्रजीत.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचं एक वेळ ठीक, तो हिंदी मसुदा वाचेल. पण खानापूरच्या शेतकऱ्याला कायद्यातली हिंदी इंग्रजीइतकीच परकी. बडोद्याच्या मराठी घरातही गुजराती चालते, राजपत्राची हिंदी नव्हे. ‘मराठी भाषक’ असा एकच गठ्ठा बांधून हा प्रश्न समजत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचं आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत भाषांतर करायला सांगितलं. केंद्र थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. राजभाषा कायद्यानुसार अधिसूचना हिंदी-इंग्रजीत काढली की पुरे, बाकी भाषांची सक्ती नाही, हा युक्तिवाद. (तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर, पुण्याचे!) ऑगस्टमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही अंतिम अधिसूचना काढायला तात्पुरती मनाई केली. दरम्यान 17 लाखांहून अधिक सूचना ईमेलवर येऊन पडल्या होत्या. तो मसुदा पुढे आहे तसा कधीच अंतिम झाला नाही. नियमांतले बदल मात्र सुट्या सुट्या आदेशांतून होत राहिले आणि त्यांपैकी कितींवर लोकांना विचारलं गेलं, हा वेगळाच विषय.

म्हणजे लाखोंचा आकडा आला तरी त्याचं करायचं काय, हे सरकारच ठरवणार. इथे ट्रायचा दाखला घेण्यासारखा आहे. इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांबाबत 2015-16 मध्ये ट्रायने मतं मागवली तेव्हा फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ मोहिमेतून लाखो साचेबंद संदेश आले. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत नाहीत, असं ट्रायने बजावलं आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी निर्णय त्या मोहिमेच्या विरोधात दिला. ट्राय आलेली मतं प्रसिद्ध करते, त्यांवर प्रतिमतंही मागवते. कोण काय म्हणालं ते दिसतं.

उलट उदाहरण जानेवारी 2025 चं. वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांच्या मसुद्यावर ‘मायगव्ह’वर सूचना मागवल्या, पण त्या कुणालाही उघड केल्या जाणार नाहीत, असं आधीच सांगून टाकलं. गंमत अशी की याच विषयाचा 2023 चा कायदा कंपन्यांना काय सांगतो? ग्राहकाची संमती मागताना इंग्रजीबरोबर 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेचा पर्याय द्या. मोबाइल अ‍ॅपने खानापूरकराला मराठीत विचारायचं. सरकारच्या राजपत्राने मात्र हिंदी-इंग्रजीत.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेलं एक सूत्र जुनंच आहे: जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्यांची संख्या 15 टक्के वा अधिक, त्यांच्या भाषेत महत्त्वाच्या सूचना व नियम प्रसिद्ध करायचे. खानापूर तालुक्यात मराठी भाषक याच्या कितीतरी वर आहेत. कागद मराठीत मिळावेत ही सीमाभागाची मागणी काही आजची नाही. ऑनलाइन मसुद्यांपर्यंत ती अजून नीट पोहोचलेली नाही, एवढंच. गोव्यात कोकणी राजभाषा असली तरी 1987 च्या कायद्याने सरकारी कामात मराठी वापराला जागा ठेवली आहे, त्यामुळे तिथे राज्य सरकारकडे मागणी करायला आधार तरी आहे.

संविधानाचं कलम 350 तोवर हाताशी आहे. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क ते देतं. ‘हरकत म्हणजे गाऱ्हाणं नव्हे’ असा फाटा एखादा बाबू फोडेलही. फोडला तर तो लेखी मागून घ्यावा. पुढच्या मसुद्याला मुदतीच्या आत, मराठीतच ईमेल करावा आणि पोच जपून ठेवावी.