स्नानगृहातील हिरवाई : ओल पुरेशी, उजेडाचे काय?

इतवारी-महालातील जुन्या वाड्यांत न्हाणीघर बहुधा परसाकडे असे. मोरीचे पाणी भिंतीपलीकडे जेथे सुटे, तेथे अळू, केळ आणि कर्दळ एकदा लावली की पुन्हा कोणी लक्ष न देताही माजत. पाणी घरातले आणि ऊन आकाशातले, अशी ती सरळ वाटणी होती. आता कुटुंबे वर्धमाननगर, लकडगंज, रामदासपेठेतील सदनिकांत आली. न्हाणीघर शयनगृहाला चिकटले, त्याची झडप इमारतीच्या डक्टमध्ये उघडू लागली आणि परसातली केळ जाऊन बेसिनशेजारी एखादी देखणी कुंडी आली. गृहप्रवेशाच्या भेटींत हल्ली चांदीच्या वाटीच्या जोडीने रोपेही असतात. दिवाणखाना आणि बाल्कनी भरली की उरलेले रोप स्नानगृहात जाते. तीन-चार महिन्यांत त्याची पाने गळतात आणि ‘आमच्या हाताला झाड लागत नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोष हाताचा नसतो, निवडीचा असतो.

स्नानगृह दमट असते, म्हणून दमटपणा मानवणारी झाडे तेथे सुखाने राहतील, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. नागपुरात तो कसा लागू पडतो, हे ऋतुमानाप्रमाणे पाहावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे झेपावतो, दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते आणि नेच्यांसारख्या नाजूक पानांच्या कडा दोन दिवसांत करपतात. त्या काळात कूलरची खोली आणि स्नानगृह, या दोनच जागी अशी पाने तग धरतात. ऑगस्टमध्ये चित्र उलटते. सारे शहरच ओले असते आणि स्नानगृहाची भिंत दिवसभरात सुकत नाही. म्हणजे जी ओल मे महिन्यात वरदान असते, तीच श्रावणात मुळे कुजवते. वर्षभर एकाच मापाने पाणी घालणाऱ्या घरात झाड टिकत नाही, ते यामुळे.

ओलसर बंदिस्त हवेचा गुण जगाला कळला तो १८२९ मध्ये, लंडनमधील डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांच्या घरी. कोळशाच्या धुराने त्यांच्या बागेतील नेचे मरत. एका पतंगाचा कोष त्यांनी ओल्या मातीसह बाटलीत झाकून ठेवला होता. त्या मातीतून आपोआप नेचा आणि गवत उगवले. पुढे त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या. चीनमधील चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून समुद्रमार्गे भारतात आली आणि हिमालयाच्या उतारांवर लागली. व्यापाराच्या इतिहासात या साध्या पेटीचा वाटा लहान नाही. परंतु ती पेटी काचेची होती आणि जहाजाच्या डेकवर उजेडात ठेवली जाई, ही गोष्ट सहसा विसरली जाते. आपल्या स्नानगृहात वॉर्डच्या पेटीतली ओल असते, काच नसते.

झाडाचा हिशेब दुकानाच्या हिशेबापेक्षा वेगळा नाही. पान उजेडात अन्न तयार करते, ही त्याची मिळकत. श्वसनासाठी ते रात्रंदिवस अन्न खर्च करते, हा न टळणारा आस्थापना-खर्च. उघड्यावर भर दुपारी सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, खिडकीलगत काही हजार; डक्टकडे उघडणाऱ्या झडपेच्या स्नानगृहात तो पुष्कळदा शंभरही भरत नाही. तेथे मिळकत खर्चाखाली जाते आणि झाड आपली पुंजी मोडून खाऊ लागते. प्रथम खालची जुनी पाने पिवळी पडतात, मग नवे पान आधीच्यापेक्षा लहान येते, देठ लांबट आणि फिकट होतो. झेडझेड आणि स्नेक प्लांट यांच्याजवळ कंद आणि जाड पानांत मोठी शिल्लक असते, म्हणून ती सहा-आठ महिने हिरवी दिसतात. ‘अंधारातही चालते’ असे रोपवाटिकेत सांगितले जाते ते याच शिल्लकेच्या जोरावर. भांडवल खाऊन चाललेले दुकानही बाहेरून काही काळ भरभराटीचेच दिसते. वनस्पतिकायाला जीव मानणाऱ्या घराने त्याची अशी संथ उपासमार केवळ शोभेसाठी करावी काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

यासाठी रोप आणण्यापूर्वी एक परीक्षा करावी. दुपारी बारा वाजता स्नानगृहातील दिवा न लावता वर्तमानपत्रातील बारीक मजकूर वाचून पाहावा. सहज वाचता आला आणि हाताची पुसट का होईना सावली भिंतीवर पडली, तर तेथे रोप ठेवण्यास हरकत नाही. अक्षरे लागत नसतील, तर कितीही काटक म्हणून विकले जाणारे रोप तेथे नेऊ नये.

परीक्षेत उतरलेल्या जागेसाठी पहिली पसंती मनीप्लांटला. हे मूळचे पॅसिफिक महासागरातील मूरेआ बेटाचे, आज प्रत्येक गॅलरीत. चोरून आणलेलेच मनीप्लांट लागते, हा समज मात्र अचौर्याचे अणुव्रत मानणाऱ्या घरांनी शेजाऱ्याकडे मागून, खुशाल खोटा ठरवावा. फांदीला एक पेर असले म्हणजे ते लागते. दुसरे स्पायडर प्लांट. हे सफेद मुसळीच्याच प्रजातीतले. त्या मुसळीचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. त्याच्या लोंबत्या तुऱ्यांना पिल्ले फुटतात, ती वाटून टाकता येतात. खिडकी पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे आणि काच मोठी असेल, तर बोस्टन फर्न ठेवावे. हौस आणि सवड दोन्ही असतील, तर हंसराज. काळ्या चकचकीत देठांचा हा नेचा विदेशी नाही. पावसाळ्यात जुन्या विहिरींच्या आतल्या दगडी भिंतीवर तो आपसूक उगवलेला दिसतो. विहिरीत जे असते तेच त्याला हवे : भरपूर ओल, वरून उतरणारा सौम्य उजेड आणि वाऱ्यापासून आडोसा. एकदा माती पूर्ण कोरडी झाली, तर पाने चुरगळतात, हे ध्यानात ठेवावे. स्नेक प्लांट दमट जागेसाठी म्हणून सुचवले जाते, पण त्याला कोरडेपणा प्रिय. शॉवरचे पाणी पानांच्या बेचक्यात साचले की ते बुडापासून सडते. ते ठेवायचेच तर बेसिनजवळ, शॉवरपासून दूर.

लहान मुले असलेल्या घरात आणखी एक विचार हवा. मनीप्लांट, अग्लोनिमा, पीस लिली, झेडझेड आणि विशेषतः डायफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूने घसा खवखवतो तो याच द्रव्याने, म्हणून तर अळूत चिंच पडते. रांगत्या मुलाने डायफेनबेकियाचे पान चावले, तर तोंड आणि जीभ सुजते. ही रोपे उंचावर टांगावीत, किंवा मूल कळते होईपर्यंत स्पायडर प्लांट आणि फर्न यांवरच समाधान मानावे.

पाण्याची बाब किरकोळ वाटते, पण बहुतेक नुकसान तेथेच होते. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग आणि मातीवर क्षारांचा थर येतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची काटकसर अनेक घरांत आहे. त्यात क्षार मूळ पाण्याहून अधिक असतात. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचेही तेच, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. नळाचे पाणी या दोहोंपेक्षा बरे. फरशी अ‍ॅसिडने धुवायच्या दिवशी रोप बाहेर काढावे. त्या वाफेने पाने भाजतात.

कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी हा तर साऱ्या कुटुंबाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, आणि बशी कोरडी झाली तरी तिच्या कडेला चिकटलेली अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून बशी नुसती ओतून भागत नाही. ती दर आठवड्याला घासून, पुसून कोरडी करावी लागते, आणि तीही अंडी पडण्यापूर्वीपासून, नेमाने. डास झाल्यावर फवारणी करण्याचा प्रसंग ज्यांना नको आहे, त्यांना जीवोत्पत्तीच होऊ न देण्याची ही जयणा पाळणे भाग आहे. सर्वांत बरे म्हणजे बशीच ठेवू नये. तळाला छिद्र असलेली कुंडी सरळ फरशीच्या उतारावर ठेवावी. भिंतीवरील शेवाळ व बुरशी यांचेही तसेच. चातुर्मासात साधारण वनस्पतिकायाची विराधना टाळण्यासाठी घरोघरी जी सावधगिरी असते, तिच्याशी मातीची सच्छिद्र कुंडी जुळत नाही. तिच्या अंगावर हिरवा थर हमखास धरतो. लुकण केलेली चिनी मातीची किंवा प्लास्टिकची कुंडी येथे योग्य. कुंडी भिंतीपासून चार बोटे दूर असावी आणि मातीचा वरचा थर सुकल्याखेरीज पुन्हा पाणी घालू नये.

झाडामुळे स्नानगृहातील हवा शुद्ध होते, ही जाहिरात मनावर घेऊ नये. तिचा उगम नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे. तो लहान बंद पेट्यांत झाला होता. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांची फेरतपासणी केली, तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असे निघाले. हे सांगण्याचे कारण गंभीर आहे. गॅस गिझर असलेल्या स्नानगृहात झडपेच्या फळीवर कुंड्यांची रांग लावून झडप बंद करणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि कोणतेही झाड माणसाला त्यापासून वाचवत नाही. झडपेत कुंडी नको, आणि गॅस गिझर स्नानगृहाच्या बाहेरच बसवलेला असावा.

उजेड जेमतेम असेल, तर एकाच रोपावर सारा भार टाकण्याऐवजी फेरपालट करावी. एकाच जातीची तीन रोपे घ्यावीत. एक स्नानगृहात, दोन बाल्कनीच्या सावलीत, आणि दर दहा-बारा दिवसांनी पाळी बदलावी. दुकानात काउंटर आणि गोदाम यांत माल फिरतो, तसेच. मे महिन्यात मात्र स्नानगृहातील रोप थेट लू वाहणाऱ्या बाल्कनीत नेऊ नये. कूलरच्या खोलीत खिडकीशी ठेवावे. दुसरा उपाय दिव्याचा. १० वॅटचा पांढरा एलईडी पानांपासून हातभर अंतरावर रोज १२ तास लावला, तर महिन्याला ३.६ युनिट वीज लागते. खर्च फार नाही. दिवा आणि त्याचा प्लग यांवर पाणी उडणार नाही, ही खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

खरेदीला घाई नको. उन्हाळ्यात आणलेले रोप वाटेतल्या उन्हातच निम्मे जाते. मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर, जुलैत, रोपवाटिकेत जावे. कुंडी उलटून छिद्रातून पांढरी मुळे दिसतात का ते पाहावे आणि प्रथम एकच रोप आणावे. दिवाळीपर्यंत त्याने दोन नवी पाने आधीच्याच आकाराची काढली, तर दुसऱ्याचा विचार करता येईल.