विश्लेषण : पडलेल्याला उठवणारी गाणी… जपानी ॲनिमेतील ‘आवाज’ गाऊ लागतात तेव्हा काय घडते?

२६ फेब्रुवारी २०१७. योकोहामा अरीना खचाखच भरलेले. ‘लव्ह लाइव्ह! सनशाइन!!’ या ॲनिमे मालिकेतील नऊ मुलींना आवाज देणाऱ्या नऊ अभिनेत्री ‘अक्वा’ या नावाने मंचावर होत्या. त्यांच्या पहिल्या मोठ्या मैफलीचा हा दुसरा दिवस. एका गाण्यात रिकाको आइदा हिने प्रत्यक्ष पियानो वाजवायचा आणि बाकीच्या आठ जणींनी नाचत गायचे, असे ठरले होते. आइदा मुळात पियानोवादक नाही. या एका गाण्यासाठी ती पियानो शिकली होती. आदल्या दिवशी सारे नीट पार पडले. त्या दिवशी मात्र बोटे चुकली, वादन थांबले आणि तिला रडू कोसळले. आंजू इनामी ही सहकारी धावत तिच्यापाशी गेली, पाठोपाठ इतर जणीही जमल्या. प्रेक्षक तिला धीर देऊ लागले. गाणे पहिल्यापासून सुरू झाले आणि या वेळी शेवटपर्यंत गेले.

आइदा ज्या रिको साकुराउचीला आवाज देते, ती मुलगी मालिकेतही एका स्पर्धेत पियानोसमोर बसते आणि वाजवू शकत नाही. म्हणजे कथेत जे पात्राचे झाले, तेच मंचावर त्या पात्राच्या आवाजाचे झाले. ॲनिमे अभिनेत्रींची उमेद देणारी गाणी ‘गोड गोड, लहान मुलांची’ म्हणून सहज मोडीत काढली जातात. त्यांचे बळ कशात आहे, हे मात्र या प्रसंगातून नेमके कळते.

‘सेइयू’ म्हणजे कोण?

जपानीत आवाजाच्या अभिनेत्याला वा अभिनेत्रीला ‘सेइयू’ म्हणतात. आपल्याकडे चित्रपटात चेहरा नायिकेचा आणि गाणारा गळा पार्श्वगायिकेचा, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कुणाला काही खटकत नाही. ॲनिमेत चेहरा कागदावरचा किंवा संगणकावरचा असतो. बोलणारा आणि गाणारा गळा मात्र अनेकदा एकच. बारा-तेरा आठवडे जो आवाज रडला, चिडला, परीक्षेत नापास झाला, तोच गाऊ लागतो. मराठी रसिकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर ते पार्श्वगायनाचे नव्हे, संगीत नाटकातील गायक-नटाचे. संवाद म्हणता म्हणता पद सुरू व्हावे आणि भूमिका सुटू नये, ही कसोटी दोन्हीकडे सारखीच.

त्यातही ‘कॅरेक्टर साँग’ हा प्रकार अवघड. तिथे अभिनेत्रीला स्वतःच्या नव्हे, पात्राच्या आवाजात गावे लागते. पात्र बुजरे असेल तर सूरही बुजरा लावायचा, पण तो बेसूर होऊ द्यायचा नाही.

ही वाट कुठून सुरू झाली?

१९८२च्या ‘मॅक्रॉस’ मालिकेत मारी इइजिमा हिने लिन मिनमे या गायिकेला आवाज दिला आणि तिची गाणीही गायली. कथा अंतराळयुद्धाची; पण समोरचे परग्रहवासी गाणे म्हणजे काय हेच न जाणणारे. युद्धाचे पारडे फिरते ते एका प्रेमगीताने. १९८४च्या चित्रपटातील ते गीत जपानच्या ‘ओरिकॉन’ या विक्रीयादीत पहिल्या दहांत पोहोचले. कल्पना भाबडी आहेच, पण पुढच्या चार दशकांचा पाया तिनेच घातला.

नव्वदचे दशक मेगुमी हायाशिबारा हिचे. परिचारिकेचे शिक्षण घेता घेता ती आवाजाचा अभिनय शिकली. ‘इव्हँगेलियन’मधली अबोल रेई आणि ‘स्लेयर्स’मधली तोंडाळ जादूगार लीना, दोन्ही आवाज तिचेच. ‘स्लेयर्स’ची तिने गायलेली वेगवान शीर्षकगीते आजही जुने चाहते दमलेल्या दिवशी लावतात. गंमत म्हणजे इतकी वर्षे गाऊनही ती मंचापासून लांब राहिली. तिची पहिली एकल मैफल झाली ती थेट २०१७ मध्ये. तिचा आठवड्याचा रेडिओ कार्यक्रम मात्र १९९२ पासून चालत आला आहे.

मग आली नाना मिझुकी. लहानपणापासून ‘एन्का’ या जुन्या धाटणीच्या गायकीचा रियाझ केलेली. २००९ मध्ये तिचा अल्बम आणि २०१० मध्ये एकल गीत ‘ओरिकॉन’वर पहिल्या क्रमांकावर गेले. आवाजाच्या कलाकारासाठी दोन्ही गोष्टी प्रथमच घडत होत्या. २००९च्या ३१ डिसेंबरला ती ‘कोहाकु’ या वर्षअखेरच्या मानाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायली आणि २०११ मध्ये टोकियो डोममध्ये. २००९ मध्येच ‘के-ऑन!’ मालिकेतील शाळकरी मुलींच्या काल्पनिक बँडचा छोटेखानी अल्बमही यादीत पहिला आला. मुखपृष्ठावर नावे पात्रांची, गळे अभिनेत्रींचे!

उमेद येते ती कशातून?

काही भाग निव्वळ कारागिरीचा आहे. मालिकेच्या आरंभी वाजणारे गीत जेमतेम दीड मिनिटाचे. तेवढ्यात कडवे, त्यानंतर ताण वाढवणारी जोड आणि मग ‘साबी’, म्हणजे मुखड्यासारखा परत परत येणारा कळसाचा भाग, हे सारे बसवायचे असते. जोडओळीत सूर थोडा अडखळतो, उदास होतो. साबीत तो एकदम उंच उडतो. श्रोत्याचा श्वास त्याबरोबर वर जातो. हे दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच चित्रांसह घडते. तेरा आठवड्यांनंतर ते गीत ऐकायचे राहत नाही, ते अंगात मुरते.

पण केवळ वेगवान चालीने धीर येत नाही. तसे असते तर प्रत्येक जाहिरातीच्या जिंगलनेही आला असता. जपानमध्ये ‘ओएन साँग’, म्हणजे हुरूप देणारे गाणे, हा वेगळा प्रकारच मानला जातो आणि त्याचा परवलीचा शब्द आहे ‘गानबारे’. नेट लाव, हार मानू नकोस, असा त्याचा आशय. हा शब्द दुधारी आहे. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला ‘गानबारे’ म्हणू नये, असे जपानमध्ये आवर्जून सांगितले जाते. २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर याच अर्थाच्या घोषणा देशभर लागल्या, तेव्हा सर्वस्व गमावलेल्यांपैकी काहींना त्या बोचल्या. आणखी किती नेट लावायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. वरून दिलेला धीर हा अनेकदा हुकूमच असतो.

चांगले सेइयू गीत इथेच वेगळे ठरते. ते म्हणणारी व्यक्ती वर उभी नसते. श्रोत्याने तिला पडताना पाहिलेले असते.

‘सनशाइन’ची कथाच पाहा. शिझुओका प्रांतातील नुमाझू शहराजवळचे किनाऱ्यावरचे एक गाव. शाळेत मुली कमी, त्यामुळे शाळा बंद होणार. नऊ मुली गाणी गाऊन शाळेचे नाव गाजवायचे ठरवतात. नव्या प्रवेशांसाठी १०० अर्ज हवे असतात. दुसऱ्या पर्वात मुदत संपते तेव्हा आकडा ९८वर अडकलेला असतो. चमत्कार होत नाही. शाळा बंदच होते. कमी पटसंख्येच्या शाळांचा प्रश्न माहीत असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. इथून पुढची गाणी ‘आपण जिंकू’ असे म्हणूच शकत नाहीत. शाळा नाही वाचली, निदान तिचे नाव तरी उरावे, एवढेच त्या मुलींच्या हाती राहते. त्यानंतर येणारी उसळती चाल ऐकणाऱ्याला फसवत नाही, कारण हिशेब आधीच उघड झालेला असतो.

अलीकडचा सूर आणखी खाली आला आहे. २०२२च्या ‘बोच्ची द रॉक!’ची नायिका माणसांना घाबरून कोपऱ्यात बसणारी गिटारवादक. तिच्या बँडची बहुतेक गाणी इकुमी हासेगावा या अभिनेत्रीने गायली आहेत आणि त्यांत आनंदापेक्षा कुढणे जास्त आहे. तरीही ती उमेदीची गाणी ठरली. सगळ्यांनाच सूर्यप्रकाशाकडे धावता येत नाही, हे उद्योगाला उशिरा का होईना उमगले म्हणायचे.

आपल्या कानांना ही गाणी बालिश का वाटतात?

पहिले कारण स्वराची उंची. पण बारीक आवाजाला नाके मुरडणे आपल्याला नवे नाही. लता मंगेशकर यांचा आवाजही सुरुवातीच्या काळात ‘फार पातळ’ म्हणून नाकारला गेल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. भारतातील एका अख्ख्या पिढीने ‘डोरेमॉन’, ‘शिनचॅन’ पाहिले ते हिंदीत. आवाज इथल्या कलाकारांचे, शीर्षकगीतही हिंदी. ते काम उत्तमच झाले, पण पात्राचा मूळ आवाज आणि गाणे यांचा धागा त्यात तुटला. आता मोबाइलवर मूळ जपानी आवाजात, उपशीर्षकांसह मालिका पाहणारी मुले वाढली आहेत. त्यांच्या हेडफोनमध्ये काय चालले आहे, हे घरातल्या मोठ्यांना कळत नाही, ते त्यामुळेच. ही गाणी सुटी ऐकून उपयोग नाही; आधी मालिका पाहावी लागते. हा त्यांचा दोषही म्हणता येईल.

हसऱ्या आवाजामागचा हिशेब

या उद्योगाचे गोडवे गाताना त्याचा ताळेबंदही पाहायला हवा. जपानमधील आवाजाच्या कलाकारांचे मानधन श्रेणीनुसार ठरते. सर्वांत खालच्या श्रेणीतील नवोदिताला अर्ध्या तासाच्या एका भागामागे १५,००० येन. संवाद एक असो वा शंभर, रक्कम तीच आणि त्यातून एजन्सीचा वाटा जातो. बहुतेक जण स्वतंत्र व्यावसायिक. पगार नाही, उद्याची हमी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपभोग कराची नवी बिलपद्धत लागू झाली, तेव्हा छोट्या उत्पन्नाच्या कलाकारांवर बोजा पडेल म्हणून आवाजाच्या कलाकारांनी उघड विरोध केला होता.

हायाशिबाराला मंच टाळता आला. आजच्या नवोदित अभिनेत्रीला ती मुभा फारशी नाही. अभिनय, गाणे, नाच, रेडिओ, चाहत्यांशी भेटी आणि प्रत्येक ठिकाणी प्रसन्न चेहरा. दुसरीकडे चाहत्याच्या खिशाचाही अंदाज घेतलेला असतो. सीडीसोबत किंवा ब्लू-रेसोबत मैफलीच्या तिकीट-सोडतीचा क्रमांक मिळतो, म्हणून एकेक जण तीच वस्तू अनेकदा विकत घेतो. विक्रीयादीतील ‘पहिला क्रमांक’ वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे. दुसऱ्याला ‘थकलास तर थांब’ म्हणणाऱ्या गाण्यांचा उद्योग गाणारीला थांबू देत नाही, ही त्यातली खरी विसंगती. योकोहामात आइदाला थांबता आले, ते गाणे पुन्हा सुरू करायला कुणी आडकाठी केली नाही म्हणून. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर ओठ हलवायचे ठरले असते, तर चूक दिसलीच नसती आणि त्या दिवसाची आठवणही कुणी काढली नसती.

‘अक्वा’ची अखेरची मैफल जून २०२५ मध्ये सैतामा प्रांतातील बेलुना डोममध्ये झाली. नुमाझूच्या रस्त्यांवर मात्र त्या नऊ मुलींची चित्रे असलेली मॅनहोलची झाकणे बसवलेली आहेत, आणि उचिउराच्या किनाऱ्यावर कथेतली बंद पडलेली शाळा शोधत चाहते आजही जातात.