खांब घेतले, हिशेब राहिले

मुंबईच्या टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून गेले की समोर डोरिक धाटणीचे भव्य खांब उभे दिसतात. १८३३ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा ग्रीसशी संबंध काय, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. प्रतिष्ठित सार्वजनिक इमारत म्हटली की तिला खांब असावयाचेच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. लंडनचे ब्रिटिश म्युझियम किंवा वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय पाहिले, तरी तीच छाप दिसते.

बँकांनी तर ग्रीक मंदिराचा आश्रय फारच उत्साहाने घेतला. १८२४ साली फिलाडेल्फियात पूर्ण झालेली सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची इमारत पार्थेनॉनच्या दर्शनी भागावरून बेतलेली आहे. दगड पाहून ठेवीदाराने पैशाविषयी निश्चिंत व्हावे, हा त्यातील हेतू उघड आहे. तथापि अध्यक्ष जॅक्सन यांनी १८३२ साली नकाराधिकार वापरल्याने बँकेची सनद १८३६मध्ये संपली, आणि पुढे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सनदेवर चालू राहिलेली ही संस्था १८४१ साली बुडाली. खांब मात्र अद्याप शाबूत आहेत. आत आता व्यक्तिचित्रांचे दालन आहे.

वस्तुतः मंदिर आणि तिजोरी यांचे नाते ग्रीकांना नवे नव्हते. इराणी आक्रमणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मित्रसंघाचा निधी इ.स.पू. ४५४मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला हलविण्यात आला, आणि सातच वर्षांनी पार्थेनॉनचे काम सुरू झाले. मित्रांच्या पैशावर शहर नटविले जात असल्याचा आरोप पेरिक्लीजवर त्याच्या हयातीतच झाला, असे प्लुटार्क सांगतो. आतील अथेनादेवीच्या मूर्तीवरचे चाळीस टॅलंट, म्हणजे सुमारे एक हजार किलो सोने, अडचणीच्या वेळी काढून घेता येईल अशा बेताने बसविले होते. देवीच्या अंगावर राखीव निधी ठेवण्याची ही युक्ती आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून मोलाची वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. पार्थेनॉनचा वर्षावर्षाचा जमाखर्च संगमरवरावर कोरून उघड्यावर मांडलेला होता. उरलेले सोने व हस्तिदंत विकून आलेली रक्कमही त्यात जमेस धरलेली आढळते. त्याचे तुकडे आजही उपलब्ध आहेत. शेजारच्या एरेक्थिऑन मंदिराच्या हिशेबांत तर कोणी किती दिवस काम केले, हेही नोंदलेले आहे. खांबांवर पन्हळी कोरणारा नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम या तिघांनाही दिवसाला एकच द्राख्मा, वास्तुशिल्पज्ञालाही तेवढाच. गुलामाची मजुरी बहुधा धन्याच्याच हाती पडे, हे विसरून या समतेचे पोवाडे गाण्याचे कारण नाही. पण तो अन्यायदेखील आपल्याला कळतो, तो हिशेब कोरला गेला म्हणूनच.

जगाने खांब उचलले, हा दगड तेथेच राहू दिला. आपल्याकडील कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव, हुद्दा व दिनांक असतो. खर्चाचा आकडा क्वचितच. २००५च्या माहिती अधिकार कायद्यान्वये तो अर्ज करून मागता येतो, हे खरे. अथेन्सच्या नागरिकाला अर्ज करावा लागत नव्हता. मूळ अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि मजुरांना दिलेला रोज एवढे तीन आकडे कोनशिलेशेजारी कोरण्याचा नियम एखाद्या नगरपालिकेने तरी करून पाहावा.