हरणाऱ्या टीममधून मुलांची नावं काढू नका

मंडळी, आपल्या पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर जे चाललंय त्यावर लिहिणं आता भाग आहे. शाळेचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नववी-दहावीच्या मुलांची फुटबॉल टीम या सीझनला एकही मॅच जिंकली नाही. लगेच सहा पालकांनी नावं काढून घेतली. का, तर "हरायलाच जायचं तर त्यापेक्षा मॅथ्सचा क्लास लावू." शाळेनेही कळवून टाकलं की मुलं कमी पडली तर पुढच्या वर्षी टीमच नाही. म्हणजे जी मुलं अजून खेळायला तयार आहेत, शिक्षा त्यांना!

यातल्या निम्म्या घरांत मुलाला अमेरिकेला पाठवायचं ठरलेलं आहे. कोलंबिया तर सगळ्यांच्या तोंडी. असू दे, १९१३ साली बाबासाहेब तिथेच शिकायला गेले होते. पण त्याच कोलंबियाची फुटबॉल टीम (त्यांचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू आणि हेल्मेटवाला) १९८३ ते १९८८ या काळात सलग ४४ मॅच हरली. १९८५, ८६, ८७ या तिन्ही सीझनमध्ये दहापैकी दहा. ८५ साली टीममध्ये आलेला मुलगा तीन वर्षं मार खात खेळला आणि एकही विजय त्याला दिसला नाही. देशभर चेष्टा झाली, पण टीम बंद केली नाही कुणी. ऑक्टोबर १९८८ मध्ये प्रिन्स्टनला १६-१३ हरवलं तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उखडले. आणि २०२४ मध्ये त्यांनी आयव्ही लीगचं विजेतेपद वाटून का होईना मिळवलं, १९६१ नंतर पहिल्यांदा. अशा कॉलेजात मुलाला धाडायचं आणि इथे एका सीझनमध्ये गळपटायचं?

अमेरिका लांब राहिली, आपण ज्या देशात पोट भरतो तिथलं बघा. गल्फ कप १९७० मध्ये इथेच, बहरीनमध्ये सुरू झाला. यजमानांना तो पहिल्यांदा मिळाला डिसेंबर २०१९ मध्ये, दोह्यात सौदीला १-० हरवून. मोजा वर्षं. मधे वर्ल्ड कपची दारंही दोनदा तोंडावर बंद झाली: २००५ मध्ये त्रिनिदादकडून इथे मनामात ०-१, २००९ मध्ये न्यूझीलंडकडून वेलिंग्टनला ०-१, तेही पेनल्टी हुकवून. २०२५ च्या जानेवारीत गल्फ कप पुन्हा जिंकलाच ना?

"कोच बरोबर नाही" म्हणणाऱ्यांचं मला थोडं पटतं. मग शाळेत जाऊन कोच बदलून मागा की! फीवाढीच्या वेळी जातो तसे चाळीसजण जाऊ. मुलाला घरी बसवून कोच कसा सुधारणार?

आणि दहावीचं कारण तर सांगूच नका. प्रॅक्टिस आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. तेवढा वेळ मोबाईलवर जातो तेव्हा कुणाला बोर्ड आठवत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. गावाकडे मुलगा हरला तरी दुसऱ्या दिवशी गल्लीत खेळायला जागा असते, शिव्या घालायला आणि पुन्हा बोलवायलाही चार पोरं असतात. इथे गल्लीच नाही हो. फ्लॅट, गाडी, क्लास, मॉल, परत फ्लॅट. मे ते सप्टेंबर तर बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी बाबांचा कॉन्ट्रॅक्ट संपतो आणि मित्र कोचीला नाहीतर लुधियान्याला निघून जातो. आपली मुलं आईबापाशिवाय, घामाघूम होऊन, मल्याळी-पंजाबी पोरांबरोबर जिथे भांडतात आणि पुन्हा एकत्र येतात अशी जागा म्हणजे ही टीम. ती एकदा बंद झाली की शाळा पुन्हा सुरू करेल असं वाटतं तुम्हाला? त्या वेळेत काय बसवायचं ते शाळेला बरोबर कळतं.

गंमत म्हणजे त्या सहा मुलांपैकी एकालाही टीम सोडायची नव्हती. विचारा घरी.

फॉर्म गुरुवारी दुपारपर्यंत ऑफिसात घेतात. पंधरा नावं लागतात, आत्ता अकरा आहेत. ज्यांनी नाव काढलंय त्यांना परत देता येतं, मी ऑफिसात विचारून आलोय.