उचल त्यांची, कपात आमची

देशावर कर्ज झालंय म्हणून आम्हाला पोट आवळायला सांगतात. सांगणारे कोण? ज्यांच्या पोटाला पट्टा पुरत नाही ते. टाय लावलेले विद्वान टीव्हीवर येतात आणि म्हणतात, फुकट वाटायची सवय लागली, रेवड्या वाटल्या, म्हणून तिजोरी रिकामी झाली. म्हणजे रेशनचा गहू, पोराची स्कॉलरशिप आणि आईच्या खात्यातले दीड हजार, यांनी देश बुडवला. ही थाप आहे. साफ थाप. आणि आमच्यातलेच चार बुकं शिकून साहेब झालेले लोक ती मान डोलवत ऐकतात, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी हिशेब. आमचा हिशेब कच्चा असं ते धरूनच चालतात. अरे, ज्याच्या आज्याचा सगळा जन्म सावकाराच्या चोपडीत गेला त्याला व्याज काय शिकवता?

केंद्र सरकारचं २०२५-२६ चं बजेट घ्या. आकडे सरकारचेच आहेत. खर्चाचा अंदाज ५० लाख ६५ हजार कोटी. त्यासाठी काढायचं नवं कर्ज १५ लाख ६९ हजार कोटी. आणि जुन्या कर्जाचं नुसतं व्याज १२ लाख ७६ हजार कोटी. म्हणजे शंभर रुपये नवे काढायचे आणि एक्याऐंशी रुपये जुन्याचं व्याज म्हणून मोजायचे. मुद्दल जागच्या जागी. सूतगिरणीत आम्ही याला उचल म्हणतो. दवाखान्यासाठी उचल घेतली, पगारातून कपात झाली, पगार पुरला नाही, म्हणून पुन्हा उचल. उचल फेडायला जो उचल घेतो तो माणूस मुकादमापुढं तोंड उघडत नाही. देशाचंही तेच होतं. व्याज खाणाऱ्यापुढं सरकारचं तोंड उघडत नाही.

कर्ज काढणं पाप आहे असं मी म्हणत नाही. कर्ज काढून विहीर खणली तर विहीर कर्ज फेडते. कर्ज काढून वरात काढली तर बँडवाला पैसे घेऊन जातो आणि नवरदेव जन्मभर फेडत बसतो. प्रश्न एवढाच : विहीर किती खणली आणि वरात किती काढली? आणि वरातीत घोड्यावर कोण बसलं?

आता तिजोरी कुणी रिकामी केली ते बघा.

मेलेल्या श्रीमंताच्या इस्टेटीवरचा कर १९५३ साली आला, १९८५ साली काढला. जिवंत श्रीमंताच्या संपत्तीवरचा कर २०१५ च्या बजेटात काढला. सरकार म्हणालं, वसुली थोडी आणि कटकट फार, त्यापेक्षा बड्यांवर अधिभार वाढवतो. वसुली थोडीच होणार, शेअर्स त्या करातून आधीच वगळून ठेवले होते! चाळणीनं पाणी शेंदायचं आणि म्हणायचं विहीर आटली. बरं, तो अधिभार तरी ठेवला का? २०२३ च्या बजेटात सगळ्यांत वरच्या श्रीमंतांचा अधिभार नव्या कररचनेत ३७ टक्क्यांवरून २५ वर आणला. त्याआधी २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला होता, इतर सवलती सोडायच्या अटीवर. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडलं, असं सरकारनंच तेव्हा सांगितलं. याला कुणी रेवडी म्हणालं नाही. याचं नाव प्रोत्साहन! गरिबाला दिलं की भीक, शेठला दिलं की प्रोत्साहन. भाषेतसुद्धा जात असते, दोस्तांनो.

पुढं बँका. २०१४-१५ ते २०२२-२३ या नऊ वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटींची थकबाकी वहीतून काढून टाकली. त्यातली ७ लाख ४१ हजार कोटी बड्या उद्योगांची आणि सेवा कंपन्यांची. हे २०२३ साली संसदेत सांगितलेलं आहे, माझ्या पदरचं नाही. साहेब म्हणतील, वहीतून काढलं म्हणजे माफ केलं असं नव्हे, वसुली चालू राहते. चालू होती ना! त्या नऊ वर्षांत अशा कर्जातून वसूल झाले दोन लाख कोटींच्या आसपास. आणि बँकांना पडलेलं भगदाड बुजवायला सरकारनं २०१७ साली २ लाख ११ हजार कोटींची योजना जाहीर केली, त्यातले १ लाख ३५ हजार कोटी रोख्यांतून. रोखे म्हणजे काय? कर्जच. शेठनं बुडवलं, सरकारनं कर्ज काढून भरलं, व्याज आमच्या माथी.

माथी कसं? साबणातून. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा अंगाच्या साबणावर १८ टक्के आणि सोन्यावर ३ टक्के. आठ वर्षं हे चाललं. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण ५ टक्क्यांवर आणला आणि त्याचाही उत्सव केला. तरी सोनं ३ वर आणि साबण ५ वरच. १८ जुलै २०२२ ला पिशवीबंद पीठ-तांदळावरही ५ टक्के बसवले. गिरणीतला बदली कामगार जो साबण घेतो तोच गिरणीमालकानं घेतला तर कर सारखाच. याला समता म्हणतात काय? ओझं सारखं आणि खांदे वेगळे, ही समता नव्हे.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बजेटावर बोलताना हेच धरलं होतं. शेतकऱ्याचं उत्पन्न कितीही असो, त्याला सारा चुकत नाही; आणि इनकमटॅक्सवाल्याची मात्र कमाई नसेल तर कर नाही. आज साऱ्याच्या जोडीला साबण आला. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कमावणाऱ्याला २०२५-२६ पासून इनकमटॅक्स नाही. नसू दे, माझी तक्रार नाही. पण महिन्याला बारा हजार कमावणाऱ्याला साबणावरची सूट कोण देणार?

आपण बाबासाहेबांची जयंती डीजे लावून करतो. त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली आणि प्रांतांच्या अर्थव्यवहारावर १९२५ साली पुस्तकं छापली, ती आपल्यातल्या किती जणांनी उघडली? घटनेच्या २९२ कलमात संसदेनं कायदा करून सरकारच्या कर्जाला मर्यादा घालावी अशी सोय आहे. १९४९ साली घटना समितीत ते म्हणाले होते, की संसद हे काम करील अशी माझी नुसती आशा नाही, अपेक्षा आहे. कायदा यायला २००३ साल उजाडलं. २०१८ साली त्यात लिहिलं, मार्च २०२५ पर्यंत केंद्राचं कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर आणू. २०२५-२६ च्या बजेटात ते ५६ टक्क्यांच्या वर. आम्ही पाळीवर दहा मिनिटं उशिरा गेलो तर अर्धा दिवस कापतात. यांचा कुणी कापला?

आणि काटकसरीची कात्री निघाली की पहिली कुठं चालते? आमच्यावर. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकासाचे ३३५ कोटी ७० लाख वळवले. खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर बोंब मारली, एवढी ती उघड गोष्ट. ते दीड हजार आमच्याही आयाबहिणी घेतात, घेऊ देत, त्यांचा हक्क आहे. पण आईच्या एका हातात दीड हजार ठेवायचे आणि दुसऱ्या हातातून पोरीच्या होस्टेलचे काढून घ्यायचे, हा कुठला न्याय? गरिबाच्या ताटातलं उचलून गरिबाच्याच ताटात टाकायचं आणि दोघांना भांडायला लावायचं. शेठच्या ताटाकडं बघायचंच नाही. ६ सप्टेंबर २०२३ ला ठेकेदार एजन्स्यांकडून नोकरभरतीचा जीआर काढला, तोही खर्चात बचत म्हणून. पोरं रस्त्यावर आली तेव्हा महिन्याभरानंतर मागं घेतला. ठेक्यात आरक्षण कुठलं?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. कर्ज कमी करा, जरूर करा. पण सुरुवात वरून करा. संपत्तीवर आणि वारशावर कर पुन्हा बसवा, शेअर्ससकट. कंपन्यांना सोडलेल्या कराचा दरवर्षी हिशेब द्या, त्यातून किती नोकऱ्या आल्या ते सांगा. नसतील आल्या तर कर परत वाढवा. पीठ, तेल, साबण यांवरचा कर काढा. अनुसूचित जाती-जमातींचा पैसा वळवता येणार नाही असा कायदा करा. कर्नाटकानं आणि आंध्रानं २०१३ सालीच केला; कर्नाटकच्या कायद्यात पळवाट राहिली ती २०२३ साली काढावी लागली, म्हणून पळवाट न ठेवता करा. आणि कर्ज कशासाठी काढलं, कुणाच्या घशात गेलं, ते गावच्या चावडीवर मराठीत लावा.

आपल्या पोरांनीही एक करावं. बजेट लागलं की नुसतं मोबाईल महागला का स्वस्त, एवढंच बघू नये. सामाजिक न्यायाला किती ठेवले, किती खर्चले, किती पळवले, हे वस्तीत फळ्यावर लिहावं आणि आमदार आला की त्याला फळ्यापुढं उभा करावा. बापजाद्यांनी अंगठा उठवला म्हणून सावकाराचं फावलं. आपण वाचायला शिकलोय. आता न वाचता कुठल्या कागदावर सही द्यायची नाही.