तलावातील ऊब कोणाची?

महायुद्धामुळे कोळशाची टंचाई भासत असताना, १९४१ साली, झुरिच नगरपालिकेने सार्वजनिक जलतरण तलाव खुला केला व त्याचे पाणी तापविण्यासाठी उष्णता-पंप बसविला. महापौरपदी तेव्हा सोशल डेमोक्रॅट एमिल क्लोटी होते.

हा पंप उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरच्या पाण्यातील वा हवेतील उष्णता उचलून तो ती तलावात सोडतो. म्हणूनच एका युनिट विजेच्या मोबदल्यात तीन-चार युनिट उष्णता मिळते. चक्र उलटे फिरविले की तोच पंप पाणी थंडही करतो.

आज खासगी बंगल्यांतील तलावांसाठी हेच यंत्र ‘वीजबचती’च्या नावाने विकले जाते. परंतु कार्यक्षमता वाढली की कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो, हे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ सालीच बजावले होते. पूर्वी जो तलाव कधी तापविलाच जात नव्हता, तो आता हिवाळ्यात तापविला व उन्हाळ्यात निवविला जातो. यात बचत कोठली? स्वस्त झाला तो विलास.

हीच वीज सार्वजनिक तलावात हजारोंच्या उपयोगी पडते. तेव्हा शासनाने अनुदान द्यावयाचेच, तर ते तेथेच द्यावे.